हौसामावशींचं जपानी मासिक

आमच्या विश्रामबागेत दळण दळून हवं असेल, तर आधी एका जपानी मासिकाचा इतिहास ऐकावा लागतो. गिरणी हौसामावशींची. वय पासष्टच्या पुढं, केसांवर कायम ज्वारीचं पीठ. गिरणी सुरू असली की त्या गप्प. आपलं अर्धं दळण झालं की मात्र बटण बंद करतात आणि म्हणतात, "थांबा, इतिहास सांगते."

मासिक व्हिडिओ गेमचं. दुकानात उभं राहून, नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनच्या गेमचं. कॉलेजच्या चार पोरांनी पिना मारून ते सुरू केलं. कुठला गेम कसा जिंकायचा, हे त्यात असायचं. मग ते जाडजूड झालं, गावोगावच्या दुकानांतले सर्वांत जास्त गुण छापू लागलं. पुढं घराघरांत गेम आले, दुकानं ओस पडली आणि मासिक बंद झालं. पहिल्या संपादकावर मावशींचा भारी जीव. नंतरच्याबद्दल "त्येनं लय चुका छापल्या" म्हणतात, तेही भाऊबंदकीतल्या माणसाबद्दल बोलावं तसं. एकदा एका प्राध्यापकांनी विचारलं, याचा आम्हाला उपयोग काय. त्यांची बाजरी संध्याकाळपर्यंत तशीच राहिली.

हे वेड घरात आलं नवऱ्यामुळं. मावशी त्यांना 'आमचे फिटर' म्हणतात. तीसेक वर्षांपूर्वी नवीन मशीन शिकायला कारखान्यानं त्यांना आठ महिने जपानला पाठवलं होतं. येताना त्यांनी बॅग भरून ही मासिकं आणली. मावशींनी ती माळ्यावर टाकली.

तीन वर्षांपूर्वी फिटर वारले. माळा आवरताना मावशींना एका अंकात दुमडलेलं पान सापडलं. एका ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ, दोनदा ओढलेली. मावशींच्या मनात पाल चुकचुकली. तिकडं कुणीतरी बाई असणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. पान कुणाला दाखवायचं म्हणजे लाज, म्हणून स्वतःच मोबाईलवर जपानी शिकायला बसल्या. सहा महिने लागले.

एका सकाळी सातला त्यांनी माझं दार वाजवलं. चेहरा पांढराफटक.

"वाचलं मी भाऊ," त्या म्हणाल्या. "लिवलंय, जोराचं वळण आलंय, भारतीय माणसाला फुल्ल उजवीकडं फिरवा."

मी हादरलोच. बाईचा पत्ता नव्हता, पण फिटरना तिकडं कोण फिरवत होतं? मावशी धरून चालल्या की त्यांना मारहाण झाली. आठ महिन्यांत त्यांची दोनच पत्रं आली होती, त्याचाही अर्थ आता त्यांनी तोच लावला. खरं काय ते शोधायला सगळ्यांत जुन्या अंकापासून बॅग वाचायला घेतली. जे बॅगेत नव्हतं, ते मी नेटवर शोधून दिलं. दोन वर्षं हेच चाललं, आणि त्यातून हा इतिहास तयार झाला.

गेल्या महिन्यात गेलो, तर मावशी डब्यांमध्ये खाली बसलेल्या. बॅगेतल्या शेवटून दुसऱ्या अंकात खुलासा सापडला होता. ती ओळ मोटारीच्या शर्यतीच्या गेमची. लिहिणाऱ्यानं हातानं 'हँडल' लिहिलं होतं, म्हणजे आपलं स्टेअरिंग. जपानी अक्षरांत ते आणि 'भारतीय माणूस' जवळजवळ सारखेच दिसतात. छापणाऱ्यानं चुकून माणूस छापला.

मला हसू आवरेना. मावशी हसल्या नाहीत. मी विचारलं, मग फिटरनी रेघ का मारली?

त्यांनी पदराआडून एक जुना बिल्ला काढून माझ्या हातात दिला. तिकडच्या कारखान्यात छातीवर लावायचा. फिटरच्या नावापुढं जपानीत एक शब्द होता.

"ह्यो बघा, त्योच शब्द, भारतीय माणूस," त्या म्हणाल्या. "जपानी येत न्हवतं त्यांना. वळखीचा शब्द एवढाच. तिकडं कोण बोलत असंल त्यांच्याशी? एवढ्या पुस्तकात आपण दिसलो म्हणून रेघ मारली असंल."

मी बिल्ला परत दिला. त्या बराच वेळ तो पुसत राहिल्या.

"मला आत्ता आठवलं भाऊ," त्या म्हणाल्या. "आल्या आल्या बॅग उघडून हेच पान धरलं हुतं माझ्यापुढं. मी इचारलं, साडी कुठाय?"