दाजींच्या रजेवर चालून आलेला खलिता

श्रीगजवदनास नमन करून, बहरैन बेटी मोबाइलशाही अमलात जे घोर युद्ध जाहाले त्याचा मजकूर लिहितो. वाचणारांनी खरा मानावा. खोटे मानावयास ग्रुप आहेच.

राजश्री शिरीषराव, वतन पुणे, पेशा अकाउंटंट, मुक्काम बुसैतीन, हे मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपाचे ॲडमिन, म्हणजे सुभेदारच. एके सकाळी त्यांचे दरबारी अरबी खलिता दाखल जाहाला. वर सरकारी शिक्का, आणि बहुत हातांतून फिरलेला. अरबी कोणासच वाचता येईना, तेणेकरून संशयास जागा उरली नाही. आणि खाली कोणा महापुरुषाने मराठीत अर्थ जोडिला होता की, या महिन्यात जो परदेशी रजेवर जाईल त्याचा व्हिसा रद्द. शिरीषरावांनी तो तात्काळ चहूमुलखी रवाना केला.

मग सित्र्यास कंपनीची बस हाकणारे दाजी कुडाळकर यांचे धाबे दणाणले. लेक शेवंती हिचे लग्न तोंडावर, रजा मंजूर, तिकीट काढिलेले. जावे तर चाकरी जाते, न जावे तर कन्यादान चुकते. अखेर दाजींनी रजा रद्द करविली आणि गावी फोन लाविला की, "बाय, रडू नको गो. मामा करतलो कन्यादान." आणि आपणच रडले. येथे बखरकारासही वाईट वाटले.

इतक्यात ग्रुपात कोणी पुरावा मागितला. शिरीषराव खवळले आणि शंकेखोराची खोड मोडावी म्हणोन खलिता घेऊन शेजारीण मसूदाबाई, मायबोली अरबी, यांचे दारी चालून गेले. बाईंनी तो वाचिला आणि हसू दाबीत निवाडा दिला की, हा मासेमारी खात्याचा हुकूम, विणीच्या हंगामात कोळंबी धरण्यास मनाई. व्हिसा मफी, म्हणजे व्हिशाचे यात नावही नाही, खलास.

शिरीषराव परतले आणि फर्मान काढिते जाहाले की, अफवांवर विश्वास ठेवू नये, छडा आम्हीच लाविला. मंडळींनी अंगठ्यांचा वर्षाव केला. दाजींनी मात्र सुपरवायझरचे पाय धरून रजा परत मिळविली आणि मुहूर्तास मांडवी दाखल होऊन कन्यादान स्वहस्ते केले.

परंतु खबर विमानाआधी पोहोचली होती. व्याह्यांनी बाजूस घेऊन पुसिले की, "दाजीनु, तुमका थंय परत घेनत नाय म्हणतत, खरा काय?" दाजींनी कोळंबीची हकीकत इत्थंभूत सांगितली. व्याह्यांनी समजुतीने मान हलविली, आणि पंगत उठण्याआधी गावच्या ग्रुपात जाहीर जाहाले की, दाजी कोळंबी चोरताना धरिले गेले, म्हणोन बेटावरून हाकलिले.

येणेप्रमाणे सत्याची संपूर्ण फत्ते जाहाली, ती येथे नोंदिली असे.