खालच्या मजल्यावरचं बेसणं

"दोन दिवस मशीन बंद आहे आणि तुम्ही मयताच्या जाहिराती वाचत बसलात?" रसीलाबेननं चहाचा कप पेपरवरच ठेवला.

"मशीन चालू करायचाच रस्ता शोधतोय," भुदरभाई म्हणाले.

मोरबीत भुदरभाईंचा टाइल्स भरायच्या खोक्यांचा छोटा कारखाना होता. मोठं गिऱ्हाईक महिन्यापूर्वी तुटलं होतं. आता लवजीशेठचं काम मिळालं नाही, तर बारा माणसांना घरी पाठवायची वेळ येणार होती. शेठचे टाइल्सचे तीन कारखाने. वर्षभरात भुदरभाईंनी तिथे अकरा चकरा मारल्या, पण ओळख वाढली ती फक्त पहारेकऱ्याशी. आज मात्र पेपरात शेठच्या काकूंच्या बेसण्याची, म्हणजे शोकसभेची, जाहिरात होती : समाजवाडी, चार ते सहा. लग्नात शेठलोक पाहुण्यांच्या गर्दीत हरवतात; बेसण्याला हात जोडून बसलेले असतात आणि येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा बघतात, हे भुदरभाईंना पक्कं ठाऊक होतं.

"कारखान्याची कार्डं नेऊ नका हं," रसीलाबेननं बजावलं. "बरं दिसत नाही."

"काढणार नाही गं. नुसती खिशात असू देत."

समाजवाडीबाहेर गाड्याच गाड्या लागल्या होत्या. तळमजल्यावर दार उघडं, आत पांढरी चादर, उदबत्तीचा वास. मान खाली घालून जायची रीत. भुदरभाई तसेच गेले आणि फोटोपुढे पाकळ्या वाहायला वाकले. त्याबरोबर सदऱ्याच्या खिशातली वीस कार्डं फोटोपुढे सांडली. गडबडून त्यांनी वर पाहिलं. फोटोतल्या काकूंना झुपकेदार मिशा होत्या.

हॉलमध्ये माणसं चार : विधवा जमनाबा, मुलगा रमणिक आणि दोन शेजारी. काकूंचं बेसणं वरच्या मजल्यावर होतं. पावलांचा आवाज छतातून येत होता.

"राहू द्या भाई," कार्डं गोळा करणाऱ्या भुदरभाईंचा हात रमणिकनं धरला. "बापांसाठी कोणी काहीतरी आणलं हेच खूप. दोन शब्द बोला ना. बाकी कुणी तयार नाही."

भुदरभाईंना खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. फोटोकडे बघून ते म्हणाले, "बापांच्या तोंडून मी कधी वाईट शब्द ऐकला नाही."

एका शेजाऱ्याला ठसका लागला. जमनाबांना हुंदका फुटला. "ऐकलंस रमणिक? चाळीस वर्षांत असं म्हणणारा पहिला माणूस!"

दुसरा शेजारी कानाशी लागला. "कमी ऐकू येतं का हो तुम्हाला? पोपटबापा वजनकाट्यावर होते. अर्ध्या जिल्ह्याचे ट्रकवाले त्यांच्या शिव्या खाऊन मोठे झाले."

साडेचारला भुदरभाई उठू लागले. "बसा की," जमनाबा म्हणाल्या. "तुम्ही आहात तर बेसण्यासारखं वाटतंय." ते पुन्हा बसले. इतक्यात दारात जयंतीभाई दिसले. हेही खोकीवालेच.

"अरे भुदरभाई, इथे कुठे? शेठ वर आहेत, वर!"

भुदरभाईंनी जिन्याकडे पाहिलं, मग चादरीवरच्या चौघांकडे. "तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले.

सहा वाजले. वरची गर्दी उतरली, गाड्या निघाल्या. उद्या बारा जणांना काय सांगायचं, याची जुळवाजुळव भुदरभाई करत असतानाच दारात लवजीशेठ उभे राहिले. ते थेट फोटोपुढे जाऊन बसले.

"माझा पहिला नोकर," ते म्हणाले. "मलासुद्धा शिव्या द्यायचा. पण काट्यावर एक किलो इकडचं तिकडे होऊ दिलं नाही." मग त्यांची नजर वळली. "तुम्ही बापांचे कोण?"

रमणिक कौतुकानं म्हणाला, "चारपासून बसलेत, शेठ. बापांबद्दल इतकं चांगलं बोलले!"

"चांगलं? पोपटबापांबद्दल?"

भुदरभाईंनी हात जोडले. "शेठ, मी ओळखतच नव्हतो यांना. तुमच्या काकूंसाठी आलो होतो. मजला चुकला."

जमनाबांनी डोळ्यांना लावलेला पदर खाली घेतला. शेठच्या कपाळावर आठी पडली. "मग कळल्यावर उठला का नाहीत?"

"इथे पाच माणसं होती. मी उठलो असतो तर चारच राहिली असती."

फोटोपुढच्या पाकळ्यांतून शेठनी एक कार्ड उचललं, फुंकर मारून वाचलं आणि खिशात घातलं. "वर दोनशे आले," ते उठताना म्हणाले. "पाच मिनिटांच्या वर कुणी टेकलं नाही. उद्या दहाला या. आणि भुदरभाई, वजनाला पक्की खोकी द्या. बापा बघतोय."

"तुम्ही खरं बोललात ते बरं केलंत," जमनाबा हळूच म्हणाल्या. "पण ते दोन शब्द मी परत देणार नाही हं."

दारात रेंगाळून सगळं ऐकलेल्या जयंतीभाईंच्या तोंडून ही हकिकत आठवड्यात गावभर झाली. पुढच्या महिन्यात त्याच तळमजल्यावर एका निवृत्त पोस्टमनचं बेसणं होतं. मोरबीतले झाडून सगळे खोकीवाले पांढऱ्या कपड्यांत हजर. कुणी उठायला तयार नाही. पोस्टमनची बायको शेजारणीला म्हणाली, "यांचं एवढं गणगोत होतं, मला कधी बोलले नाहीत गं!" आणि तिची मान जराशी ताठ झाली.

भुदरभाईही आले होते. दारातून त्यांनी माणसं मोजली, हॉल भरलेला पाहिला, फोटोला हात जोडले आणि पाच मिनिटांत निघाले. मशीन चालू होतं.