वडिलार्जित स्क्रूचे आयुर्मान

कोणतीही वस्तू आपोआप झिजत नाही. ती झिजली आहे, असे कुणीतरी म्हणावे लागते. हे तत्त्व वाळूजकडच्या आमच्या पाइप कारखान्याने काटेकोरपणे पाळले आहे.

प्लास्टिकचा पाइप काढणाऱ्या यंत्रात एक लांब स्क्रू असतो. तो तापलेल्या बॅरलमध्ये फिरतो आणि वितळलेला माल पुढे ढकलतो. आमचा स्क्रू मालक इंद्रजीतराव यांच्या कैलासवासी वडिलांनी स्वतःच्या हाताने बसवला होता. दर खंडेनवमीला तो बाहेर काढतात, हळद-कुंकू वाहतात, झेंडूचा हार घालतात आणि पुन्हा आत घेतात. (झीज मोजायची हीच खरी संधी, पण पूजेत माप लावणे बरे दिसत नाही.)

यंदा पाइप एका फुटाला जाड, तर पुढच्या फुटाला पातळ येऊ लागला. ऑपरेटर सखाराम, राहणार पाचोड, सगळ्यांदेखत ओरडला, "सायेब, स्क्रू पार झिजलाय! नुसता फिरतोय, माल पुढं जाईना!"

हे कारखान्यात सर्वांना माहीत होते. इंद्रजीतरावांनाही होते. पण वडिलांची खूण झिजली, असे कोण म्हणणार? सबब समिती नेमली. तिने आजवर बदललेल्या भागांचा आढावा घेतला: मोटर एक, बॅरल दोन, ऑपरेटर सहा. सर्वांत कमी आयुर्मान ऑपरेटरचे निघाले, म्हणजे दोष तिथेच. (शिवाय हा भाग दुसऱ्या दिवशी गेटवर मिळतो.)

"पोरगी नर्सिंगला हाय, सायेब. असं नका करू," सखाराम म्हणाला. इंद्रजीतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याला शाल दिली, नारळ दिला, झेंडूचा हार घातला. फक्त पुन्हा आत घेतले नाही. मला फार वाईट वाटले. समितीलाही वाटले, तसे तिने एकमताने ठरवले.

सखाराम आता क्रांती चौकाजवळ हार्डवेअरच्या दुकानात असतो, निम्म्या पगारावर. मागे तुम्ही नव्या बाथरूमसाठी पाइप घ्यायला तिथे गेला होतात. तो म्हणाला, "ह्यो नका घेऊ. मधी मधी पातळ हाय. आमच्याच कारखान्याचा हाय."

तुम्ही विचारलेत, "पण स्वस्त हाच ना?"

आता तुमच्या भिंतीला ओल आली आहे. पाइप टाइल्सच्या मागे, टाइल्स महागाच्या. तुम्हीही विचारपूर्वक निर्णय घेतलात आणि कालच प्लंबर बदललात.