हिरवी झेंडी आणि सिंथेटिक तेल

“आस भिजला वंगणानं, चाक लागे गाऊ, बैल म्हणे बैलाला, चल माहेरा जाऊ...” बैलगाडीच्या आसाला वंगण लावताना इंदुआत्या असं गुणगुणायची. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. अशा आत्याच्या भाच्याला तेलातलं कोण काय शिकवणार?

२००६ सालापर्यंत तरी माझी अशीच समजूत होती.

तेव्हा आम्ही जयपूरच्या रेल्वे कॉलनीत राहत होतो. डोंगर-वाळूत हिंडायला मी एक जुनी जीप घेतली होती. तिचा मागचा डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणारा तो लोखंडी भोपळा, जात्यासारखा घरघरायचा. दोनदा जीप उंटगाडीमागे बांधून घरी आली होती.

“अहो, तिसऱ्यांदा उंट दारात आला,” बायको यमुना म्हणाली, “तर उंट ठेवून घेईन आणि जीप विकीन.”

म्हणून मी जयपूरच्याच सोडाला भागातल्या एका दुकानात सिंथेटिक गिअर ऑइल आणायला गेलो.

“साब, डिफरेन्शियल सादा है या लिमिटेड स्लिप?” दुकानदारानं विचारलं. “दोनों का तेल अलग आता है.”

इथं आत्याची विद्या संपली. त्यानंच मग समजावलं. साध्यात एक चाक वाळूत घसरलं की सगळी ताकद त्यालाच जाते, दुसरं लग्नातल्या रुसलेल्या व्याह्यासारखं बसून राहतं. लिमिटेड स्लिपमध्ये दोन्ही ओढतात. ओळखायचं कसं? मागची चाकं उचलायची, गाडी न्यूट्रलला ठेवायची आणि एक चाक हातानं फिरवायचं. दुसरं त्याच दिशेनं फिरलं तर लिमिटेड स्लिप, उलटं फिरलं तर साधा.

मला इतकं कुतूहल, की जेवणाआधीच जीप जॅकवर चढली! पलीकडचं चाक बघायला माझे सासरे शेषराव उभे राहिले. रेल्वेतले निवृत्त गार्ड, झेंड्या घरात होत्याच.

“मामा, माझ्याच दिशेनं फिरलं तर हिरवी, उलटं फिरलं तर लाल.”

“आणि लाल निघाली तर रविवारची वाळू रद्द,” यमुनानं बजावलं.

मी चाक फिरवलं. पलीकडे बराच वेळ काही हालचाल नाही. मग जीपच्या टपावरून सावकाश हिरवी झेंडी उगवली.

“नक्की ना, मामा?”

“गार्डाला दोनदा विचारत नाहीत, जावईबापू.”

लिमिटेड स्लिपचं तेल आणून भरलं. घरघर खरंच कमी झाली. रविवारी मामांना शेजारी बसवून, यमुनाला मागे घेऊन, आमेरच्या पुढच्या कोरड्या नदीत मी बेधडक जीप घातली. “आता बघा, दोन्ही चाकं कशी ओढतात.”

एक चाक भिंगरीसारखं फिरलं आणि खड्डा करून त्यातच बसलं. दुसरं ढिम्म.

तासाभरानं आम्ही तिघं उंटगाडीत होतो आणि जीप मागे दोरीला.

“उद्याच गिऱ्हाईक बघते,” यमुना म्हणाली.

मामांनी घसा साफ केला. “जावईबापू, चाक उलटं फिरत होतं.”

“मग लाल का नाही दाखवलीत?”

मामा उंटाच्या मानेपलीकडे बघत म्हणाले,

“पस्तीस वर्षं शेवटच्या डब्यात बसून मागं पळणारी वाट बघितली. एकदा पुढं बसून येणारी वाट बघायची होती.”