शेवंतीबाईंची चमकी

शेवंतीबाई गेल्या, तिरडी बांधून झाली, तरी त्यांच्या नाकातली हिऱ्याची चमकी निघेना. नाक सुजलेलं, फिरकी गच्च बसलेली. थोरला ईश्वर पक्कड घेऊन आला, तेव्हा नवघरच्या त्या दोन खोल्यांत जमलेली माणसं दचकली.

"आईच्या नाकाला पक्कड?" धाकटा काशीनाथ ओरडला. तो कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा.

"मग काय जाळायची? मृणालिनीला द्यायचं ठरलंय."

"मला ती हवीच आहे," बहीण रडता रडता म्हणाली.

"मिळेल गं," काशीनाथ म्हणाला. "जमिनीखाली दीडशे किलोमीटरवर, हजार-बाराशे अंशांत, भयंकर दाबाखाली हिरा तयार होतो. लाकडांच्या आगीने त्याचं काय वाकडं होणार? उद्या राखेतून उचलू."

प्राध्यापकाचा शब्द. ईश्वरने पक्कड खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी वेचायला तिघं स्मशानात गेली, ती रव्याची चाळण घेऊन. तिथली व्यवस्था बघणारा धाकू थोडा वेळ बघत राहिला.

"सोनं हाय का? सोनं हितं रोज जातंय. चाळत कोनी न्हाय."

तासभर राख चाळल्यावर काशीनाथ किंचाळला, "सापडला!" सोनं वितळून त्याचा मणी झाला होता, खडा मात्र लखलखीत. "बघा, साधा डाग नाही!" आईच्या राखेशेजारी बसून तो मोठ्याने हसला, आणि आपण हसलो हे लक्षात येताच रडू लागला.

संध्याकाळी शेजारचे जिग्नेशभाई भेटायला आले. हिऱ्यांना पैलू पाडण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. काशीनाथने अभिमानाने खडा पुढे केला. त्यांनी तो भिंगाखाली धरला.

"सर, चिता से निकला और ऐसा चकाचक? फिर हीरा नहीं है. असली होता तो ऊपर से सफेद पड़ जाता. ये अमेरिकन डायमंड है."

काशीनाथ खालीच बसला. हिरा म्हणजे कार्बन. पृथ्वीच्या पोटात हवा नाही म्हणून तो टिकतो, उघड्यावर तापला की जळतो. हे तो दर वर्षी फळ्यावर लिहून देत असे.

"मग खरा गेला कुठे?" ईश्वरने विचारलं.

"काशीनाथच्या एमएस्सीत," मृणालिनी म्हणाली. "मीच गेले होते आईबरोबर सोनाराकडे."

"तुला माहीत होतं?" ईश्वर म्हणाला. "मग काल एवढा हट्ट कशाला धरलास?"

मृणालिनीने खडा उचलला आणि पदराने पुसला.

"आईच्या नाकातली होती ना."