रोहिणीसाठी बेट

"अंदमान नको," हरेश म्हणाला. "तिथं माणसं काळ्या पाण्यावर धाडायचे."

"बाबा, ते इंग्रजांच्या वेळी. आता लोक रांगा लावून जातात," रोहिणी म्हणाली.

"मग लक्षद्वीप बघा," उज्ज्वलानं मेथी निवडता निवडता सुचवलं.

"परवानगी लागते. आणि परवानगीची फाईल कशी चालते, ते मला विचार."

हे मात्र खरं होतं. जव्हारच्या एका सरकारी कचेरीत हरेश वरिष्ठ लिपिक होता, आणि फाईल कशी चालत नाही यातलं त्याच्याइतकं कळणारा माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हता.

"मग श्रीलंका!"

"लंकेत गेलेलं एक माणूस परत आणायला काय काय करावं लागलं, माहीत आहे ना?"

रोहिणीनं कपाळावर हात मारला. नाशिकला शिकताना पोरगी पोहायला शिकली, दिवाळीत मैत्रिणींबरोबर मालवणला जाऊन पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायला शिकली, आणि आता परीक्षा पास होऊन तिचं डायव्हरचं पक्कं कार्ड आलं होतं. तेव्हापासून घरात ती पाण्याखालच्या खुणांनीच बोलत होती. आमटी फक्कड झाली की अंगठा आणि बोटाचं कडं करून दाखवायची. हरेशनं कौतुकानं अंगठा वर केला, तर ही ताटावरून उठून थेट गच्चीवर. "पाण्यात अंगठा म्हणजे वर चला, बाबा!"

पण एक तारखेला तिला नाशिकच्या लॅबमध्ये हजर व्हायचं होतं, आणि मग वर्षभर सुट्टीचं नाव नाही. बेटावर जायचं तर आत्ताच. उज्ज्वलाची अट एकच होती, "एकटीनं जायचं नाही. घरातलं कुणीतरी सोबत हवं." उज्ज्वला शिक्षिका, शाळेच्या परीक्षा तोंडावर असल्यामुळे ती सुटली. म्हणजे उरला हरेश.

इथंच खरी ग्यानबाची मेख होती. हरेश पाण्याला भ्यायचा. साधासुधा नाही, भरलेल्या बादलीकडेसुद्धा तो जरा बाजूनं बघायचा. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, पण ही गोष्ट त्यानं बायकोला कळू दिली नव्हती. "मला वाळूची ॲलर्जी आहे," एवढ्या एका वाक्यावर त्यानं डहाणू, केळवे आणि अलिबाग असे तीन समुद्र टाळले होते. आता पोरीला सरळ नाही म्हणवत नव्हतं आणि हो म्हणायची छाती नव्हती. अशा वेळी कचेरीतला माणूस जे करतो तेच त्यानं केलं. प्रकरण अभिप्रायासाठी पाठवलं.

आपल्या गावच्या, पोशेऱ्याच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यानं आपल्या ठेवणीतल्या मराठीत टिपण टाकलं : "कळविण्यास आनंद होतो की, कु. रोहिणी हिचे डायव्हरचे पक्के झाले असून तिच्यासाठी योग्य बेटाची निवड करावयाची आहे. बेट उष्ण हवेतले, दाट, हिरवे व पाण्याच्या कडेचे असावे. तरी सर्व संबंधितांनी रविवारपर्यंत सहकार्य करावे."

आणि ग्रुपचा आवाज बंद करून टाकला. अभिप्राय मागवायचे असतात, वाचायचे नसतात, हे तो नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकला होता. रविवार उलटला की 'अद्याप एकमत नाही' म्हणायचं. तोवर एक तारीख येतेच.

शनिवारी कचेरीत शिपाई देवजी चहा ठेवता ठेवता म्हणाला, "साहेब, अभिनंदन! आमच्या पाड्यापर्यंत बातमी आली. डायवर ना?"

"हो तर!" हरेश फुलला. "मालवणला पक्कं झालं."

"मालवणचा? लांब की हो. पण खाण्यापिण्याची चंगळ. पोरीला पसंत आहे ना?"

"पसंत? तिनंच शोधून काढलं सगळं. आम्हाला नंतर कळलं."

देवजीनं जीभ चावली. मग मोठ्या मनानं म्हणाला, "चालायचंच साहेब. काळ बदलला. शेवटी पोरगी सुखात राहिली पाहिजे."

"वर येताना तेवढं सांभाळून यावं लागतं," हरेश जाणकारासारखा बोलला.

"घाटात ना? ते तर आहेच," देवजी म्हणाला.

रविवारी सकाळी गल्लीत हॉर्न वाजला. हरेशच्या मोठ्या बहिणीचा, धोंडीबाईचा मुलगा जिव्या आपली पिकअप उलटी घेत होता. गाडीच्या मागून हिरवेगार बांबू एवढे लांब बाहेर आले होते, की गाडी थांबायच्या आधीच त्यांची टोकं हरेशच्या खिडकीतून आत येऊन उज्ज्वलाच्या पडद्याला लागली. बांबूंच्या राशीवर पोशेऱ्याची चारपाच माणसं बसली होती, आणि पुढच्या सीटवरून नवं लुगडं नेसलेली धोंडीबाई उतरली. मुद्रा मात्र सुतकातली.

"कुठं आहे तो?"

"कोण, बाय?"

"डायवर!"

"रोहिणी होय? अंघोळीला गेलीय."

"रोहिणी माला माहीत आहे. तो कुठं आहे?"

"तो कोण?"

"लाज नाय वाटत? पाठच्या भावाला मी कडेवर वाढवला, आन् त्याच्या पोरीचं लगीन माला मोबाइलवर कळतं! वाच रं जिव्या!"

जिव्यानं मोबाइल काढून खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. आपलंच टिपण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची हरेशची ही पहिलीच वेळ. 'डायव्हरचे पक्के झाले'पाशी त्याच्या कानशिलात काहीतरी वाजलं. गाडी चालवतो म्हणून जिव्याला स्वतःलाच सारा मुलूख जिव्या डायवर म्हणायचा. आणि पोशेऱ्यात बेट म्हटलं की एकच, बांबूचं. समुद्रातलं कुणी पाहिलंय? डायवरशी पक्कं झालं आणि बापाला दाट, हिरवं बेट हवंय, म्हणजे मांडव घालायचा, याच्यात शंका घ्यायला जागाच कुठं होती? हरेशनं तिथं 'द्वीप' लिहिलं असतं तर पोशेऱ्याची निम्मी बेटं वाचली असती.

"दाट पाहिजे म्हनलास, म्हनून माझ्या बेटातलं तोडलं," धोंडीबाई म्हणाली. "पान्याच्या कडेचं पाहिजे, म्हनून ओढ्यावरच्या तुकाच्या बेटातलं आनलं. त्यावरनं आमचं दोघांचं भांडान झालं, ते येगळंच. आता सांग, मांडव कुठं घालायचा?"

"मामा, नवरदेव कुठली गाडी चालवतो?" जिव्यानं आपुलकीनं विचारलं.

तेवढ्यात ओल्या केसांनी रोहिणी बाहेर आली, तिनं एकदा बांबूंकडे, एकदा बापाकडे बघितलं, जिव्याच्या मोबाइलवरचं टिपण वाचलं आणि डायव्हर म्हणजे पाण्याखाली जाणारी आपणच, असा सगळ्यांपुढं उलगडा केला. मग धोंडीबाईनं मुद्द्याला हात घातला.

"पान्याखाली जाऊन करतेस काय?"

"मासे बघते, आत्या."

"धरतेस कशानं?"

"धरायचे नसतात. हातसुद्धा लावायचा नाही."

"मग?"

"बघायचे आणि वर यायचं."

धोंडीबाईनं भावाकडे पाहिलं. "एवढी शिकवलीस, आन् पोर मासा सोडून येते?" मग एकदम तिच्या लक्षात आलं. "सोबत कोन जानार?"

"बाबा."

"हरेश?" धोंडीबाई मटकन बांबूंवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "ह्यो? न्हानपनी चिंबोऱ्या धरायला गेला आन् डोहात पडला. केस धरून मी वर काढला. तवापासून ह्यो नदी आली का माझ्या पाठीवर चढायचा. मिसरूड फुटलं तरी चढायचा!"

उज्ज्वलानं मेथीची जुडी हळूच खाली ठेवली. "वाळूची ॲलर्जी?" तिनं विचारलं.

हरेश खिडकीतून आत आलेल्या बांबूची पानं मोजू लागला.

"आत्या," रोहिणी एकदम म्हणाली, "म्हणजे तुला पोहता येतं!"

"न यायला काय झालं?"

"मग तूच चल ना माझ्याबरोबर! अंदमानला!"

"बाय? विमानात?" हरेशचा शेवटचा आक्षेप. "आणि ते काळं पाणी..."

रोहिणीनं मोबाइलवरचा फोटो पुढं केला. धोंडीबाईनं तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "हे काळं? आपल्या डोहापरीस नितळ आहे." मग पदर खोचून ती उठली. "ठरलं. लगीन नाय तर नाय, पन एवढी मानसं आलीत तर कायतरी ठरवून जाऊ दे."

हरेशनं 'विचार करू' म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर उज्ज्वलानं मोबाइलवर दोघींची तिकिटं काढली होती. शाळेत वर्ग सांभाळणारी बाई ती, तिला अभिप्राय लागत नसत.

"आणि हे बांबू?" हरेशनं विचारलं.

"मामा, तोडलेलं बेट परत रोवता येत नाय," असं म्हणून जिव्यानं ते ओटीवर उतरवले आणि पिकअप मोकळी करून निघून गेला.

पुढच्या आठवड्यात हरेश कचेरीतून आला तेव्हा ओटीवर बसायला जागा नव्हती. तो बांबूंच्याच राशीवर टेकला आणि त्यानं ग्रुपचा आवाज चालू केला. रोहिणीचा फोटो आला होता. निळ्याशार पाण्यात, आजूबाजूला पिवळे मासे, बोटांचं कडं केलेलं आणि काचेआड डोळे आनंदानं एवढे मोठे झालेले. त्यानं अंगठा पाठवायला बोट पुढं नेलं, आठवण झाली, आणि बोट मागं घेतलं. राहू दे पोरगी खाली. एवढ्यात वर कशाला?

त्याखाली दुसरा फोटो होता. किनाऱ्यामागच्या झाडीत, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या नव्या लुगड्यातली धोंडीबाई एका बांबूच्या बेटाला हात लावून उभी होती. सोबत तिचा आवाज :

"हरेश, बेट बघितलं. पान्याच्या कडेचं आहे, दाट आहे, हिरवं आहे. पन बांबू लय बारीक. मांडवाच्या कामाचा नाय. आपला आहे तोच जपून ठेव."