हलू नका, आले मी

४ मे. गव्हाचा चीक पातेल्यात निवळत ठेवलाय. वरचं पाणी सुटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, म्हणजे कुरडयांचं काम उद्या पहाटेपर्यंत बंद. एरवी असा रिकामा वेळ मी डबे घासण्यात घालवते. आज लिहायला बसले आहे, कारण आमच्या शेजारच्या रूथ सिस्टरांबद्दल तालुक्यातल्या एका यूट्यूब वाहिनीने जे दाखवलं ते साफ चूक आहे, आणि बरोबर काय ते मला भिंतीपलीकडून ऐकू येतं.

रूथ सिस्टर बंदुकीचा गेम खेळतात आणि बंदूक उचलत नाहीत.

वय सत्तरीच्या पुढे. नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात वॉर्ड सांभाळण्यात उभी हयात गेली, लग्न केलं नाही, निवृत्तीनंतर नेवाशात आमच्या घराला लागून घर घेतलं. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पुण्याच्या भाच्याने, शांतवनने, मोठ्या पडद्याचा मोबाईल आणून दिला. आत्या, यावर उपासनेची गीतं ऐकत जा, म्हणाला. त्यात तो गेम कोणी टाकला ते अजून उघडकीस आलेलं नाही. गल्लीतली पोरं एकमेकांकडे बोट दाखवतात.

गेम असा, की चार-चार जणांच्या टोळ्या विमानातून एका बेटावर उड्या मारतात, घराघरांतून बंदुका गोळा करतात आणि एकमेकांना मारत सुटतात. शेवटी उरेल ती टोळी जिंकली. गोळी लागलेला माणूस लगेच मरत नाही. तो गुडघ्यांवर रांगत राहतो, आणि त्याच्या टोळीतलं कुणी शेजारी बसून उपचार करेल तर पुन्हा उठतो. सगळं जग हा गेम मारण्यासाठी खेळतं. सिस्टर उपचारांसाठी खेळतात.

दुपारचे चार वाजले की खिडकीतून त्यांचा आवाज सुरू होतो. "हलू नका, आले मी. डोकं खाली ठेवा. कुणी मारली गोळी? असू दे, ते नंतर बघू." पडद्यावरची त्यांची बाई डोंगर उतरत पळत असते. त्या स्वतः आरामखुर्चीत असतात, पण पाय मात्र चपलेत घालून तयार.

एकदा मी त्यांच्याकडे मेथी निवडत बसले होते. त्यांना समोरच्या टोळीतला एक जखमी दिसला आणि या निघाल्या त्याच्या मागे. तो बिचारा जिवाच्या भीतीने रांगत पळतोय आणि सिस्टर त्याला समजावतायत, की अहो, थांबा, असे पळू नका, रक्तस्राव वाढेल. गाठला एकदाचा, तर त्याला उचलायचं बटणच येईना. शत्रू असला म्हणून काय झालं, पेशंट आहे ना, म्हणून त्या गेम बनवणाऱ्यांवर चिडल्या. तेवढ्यात त्या जखमीचा मित्र आला आणि त्याने सिस्टरांनाच गोळी घातली. फोन मांडीवर ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "नातेवाईकच फार त्रास देतात. वॉर्डातही हेच."

त्यांच्या टोळीतले तिघे सुप्याच्या कारखान्यांत कामाला असलेले तरुण. एका खोलीत राहतात, पाळी संपली की खेळतात. त्यातला कर्जतकडचा एक जण गेममध्ये वाघ्या म्हणवतो. सिस्टर मिळाल्यापासून हे तिघे बेफाम झाले होते. उचलायला बाई आहे म्हटल्यावर कशाला बघून पळायचं? त्यामुळे त्यांची टोळी कधी जिंकत नसे, पण लवकर मरतही नसे. डाव संपला की सिस्टर प्रत्येकाला विचारत, जेवलात का, आणि काय जेवलात. कुणी वडापाव म्हटलं की हजेरी.

या गेमपायी त्यांचं दूध दोनदा उतू गेलं हे खरं आहे. माझं आठवड्यातून एकदा जातं, आणि मी गेम खेळत नाही.

तर एका सकाळी हातात माईक घेतलेला एक पत्रकार आणि त्याचा कॅमेरावाला गल्लीत आले. त्यांना गेमच्या व्यसनाची बातमी करायची होती. खरं तर त्यांना लाल डोळ्यांचा, केस वाढलेला, आईवर ओरडणारा मुलगा हवा होता. तसा आमच्या गल्लीत नाही. जे आहेत ते सुट्टीमुळे मामाकडे गेलेले. मग कुणीतरी हौसेने सिस्टरांचं दार दाखवलं.

सिस्टरांनी त्यांना लिंबाचं सरबत दिलं. किती वेळ खेळता, झोप येते का, राग येतो का, असे प्रश्न त्याने विचारले. राग येतो का म्हटल्यावर त्या म्हणाल्या, हो, पोरांनी वडापाव खाल्ल्यावर येतो. मधेच डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली, ते त्यांनी घातलं. पत्रकार दर मिनिटाला स्वतःच्या मोबाईलवर कालची बातमी किती जणांनी पाहिली ते बघत होता. सिस्टरांनी त्याची नाडीसुद्धा तपासली, फार जोरात चालते म्हणाल्या.

मग तो गच्चीवर माझ्याकडे आला. मागच्या खेपेच्या कुरडया वाळत होत्या आणि मी काठी घेऊन उभी होते. त्याने विचारलं, काकू, तुम्हाला भीती वाटते का? मी म्हटलं, "वाटते ना. मी इथून हलले की हे कावळे एक कुरडई ठेवणार नाहीत."

संध्याकाळी बातमी आली. आधी भुताच्या सिनेमासारखं संगीत. मग कुठल्या तरी मुलाचं डोकं मोबाईलला साखळदंडाने बांधलेलं चित्र. मग सिस्टर, अगदी सावकाश, डोळ्यांतून पाणी गाळताना. खाली लाल अक्षरांत, "मोबाईलच्या विळख्यात आजी, शेजारी दहशतीत." आणि हातात काठी घेऊन मी. मी म्हणते, "वाटते ना." बस. कावळे गायब.

मी त्या पत्रकाराला फोन लावला आणि दहा मिनिटं एकटीच बोलले. तो शेवटी एवढंच म्हणाला, की काकू, साधं दाखवलं तर बघतंय कोण? आणि बघितलं सगळ्यांनीच. मोबाईलवर. चर्चच्या ग्रुपवर ती बातमी फिरली, रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत सिस्टरांच्या सुटकेसाठी नाव घेऊन प्रार्थना केली. सोमवारी पुण्यात शांतवनला त्याच्या हाफिसातल्या लोकांनी ती दाखवली. तो त्याच दुपारी गाडी काढून आला. मुलगा वाईट नाही, घाबरलेला होता. पुन्हा गेम खेळलीस तर हे घर भाड्याने देईन आणि तुला पुण्याला घेऊन जाईन, असं त्याने आत्याला सांगितलं.

तो गेल्यावर सिस्टर मोबाईल घेऊन माझ्याकडे आल्या. "सुनंदा, हा तुझ्या कपाटात ठेव. मी मागितला तरी देऊ नको. मी पेशंट आहे असं समज."

मी ठेवला. म्हटलं, चला, मिटलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सिस्टर बीपीचं यंत्र घेऊन गल्लीत उतरल्या.

पहिल्या दिवशी सगळ्यांना बरं वाटलं. फुकट तपासणी कुणाला नको? दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या ह्यांचं लोणचं बंद केलं. तिसऱ्या दिवशी समोरच्या किराणा दुकानदाराला पाय वर करून निजवलं, तेव्हा गिऱ्हाईकं बाहेर उभी. वाण्याची बायको मला म्हणाली, अहो, त्यांना तो मोबाईल द्या परत, हे कालपासून स्वतःला आजारी समजायला लागलेत. ज्या बाईंनी पत्रकाराला दार दाखवलं होतं, त्या आता चार वाजले की आतून कडी घालतात. आमचे हे मागच्या दाराने बाहेर पडतात आणि चोरून लोणचं खातात.

मी हसत होते. पण काल एकाच दुपारी सिस्टर माझं बीपी बघायला तिसऱ्यांदा आल्या. पट्टा बांधला, हवा भरली, आणि आकडा न बघताच सोडून दिली. मग तशाच बसून राहिल्या.

आज सकाळी चीक गाळायला त्या मदतीला आल्या होत्या. मी ओतत होते, त्या फडकं धरून होत्या. मी सहज विचारलं, एवढं काय होतं हो त्या गेममध्ये? त्यांनी फडकं पिळलं, हात धुतले, आणि म्हणाल्या, "वॉर्डात दर पाच मिनिटांनी कुणीतरी सिस्टर म्हणून ओरडायचं. तेव्हा वाटे, कधी थांबतील हे. इथं दूधवाला सोडला तर दिवसभर कुणी हाक मारत नाही गं. त्या गेममध्ये मारायचे हाका."

एवढं बोलून त्या पातेल्यावर झाकण ठेवून गेल्या.

दुपारी माझ्या कपाटात मोबाईल वाजला. उचलला. पलीकडून बिचकत आवाज आला. "सिस्टर हायत का?"

मी म्हटलं, त्या नाहीत, मी शेजारीण. कोण बोलतंय?

वाघ्या. पलीकडे यंत्रांचा खडखडाट होता, त्यामुळे तो ओरडूनच बोलत होता. "काकू, आमी रोज पडल्या जागी मरतुय. पन ते जाऊ द्या. माझा हात कापलाय पत्र्यानं. सिस्टर रोज फोनवर फोटू बघत्यात, मंग पट्टी बदलायची का न्हाई ते सांगत्यात. आता डॉक्टर म्हनतो टाके काढू. मी म्हनलं, सिस्टरला दाखवल्याबिगर न्हाई काढनार. त्यांना बरं न्हाई का? त्या बातमीत लई रडत हुत्या."

मी त्याला सांगितलं की ते रडणं नव्हतं, डोळ्याचं औषध होतं. तो म्हणाला, व्हय का, आणि एवढ्या जोरात सुस्कारा सोडला की मला यंत्रांच्या आवाजातही ऐकू आला. मग मी त्याच्याकडून काही माहिती विचारून घेतली. त्याने दोनदा समजावून सांगितली.

नंतर शांतवनला फोन केला. म्हटलं, मोबाईल मी आत्याला परत देणार आहे, तुला आधी सांगून ठेवते. तू तिला पुण्याला नेणार असशील तर ने. पण तिला तिथे चार वाजता पेशंट लागतील. तुझ्या सोसायटीत किती घरं आहेत? सगळ्यांचं मीठ बंद होईल. तुझ्यापासून सुरुवात.

तो म्हणाला, "काकू, आत्याला फोन करून काय बोलायचं तेच मला सुचत नाही."

मी म्हटलं, "बोलू नको. सिस्टर म्हणून हाक मार आणि कुठं दुखतंय ते सांग."

चिकावर पाणी सुटलंय. आता झोपते.

५ मे. पहाटे चीक शिजवला, उजाडताना गच्चीवर कुरडया घातल्या. आठ वाजता मोबाईल सिस्टरांच्या हातात दिला आणि म्हटलं, कर्जतच्या पोराचे टाके बघायचे आहेत. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला, आणि काढू द्या म्हणून त्याला कळवलं. गेमबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. गच्चीवर परत आले, कुरडयांपाशी सतरंजी टाकली आणि काल वाघ्याने सांगितल्याप्रमाणे माझ्या मोबाईलवर तो गेम उघडला. त्याने मला टोळीत घेतलं, त्याची आज दुपारची पाळी होती आणि तिघांतला एक जण कामावर गेल्याने जागा रिकामी होती. थोड्या वेळाने चौथं नाव दिसू लागलं.

मी विमानातून उडी मारली, एका छपरावर पडले, तिथून खाली पडले, आणि दार शोधत असताना मला गोळी लागली. कोणी मारली ते दिसलंही नाही. माझी बाई गुडघ्यांवर रांगायला लागली. पडदा लाल झाला. आता काय करायचं ते वाघ्याने सांगितलं नव्हतं.

मी ओरडले, "सिस्टर!"

आवाज दोन्हीकडून आला, मोबाईलमधून आणि खालच्या खिडकीतून.

"हलू नका, आले मी."

तेवढ्यात कठड्यावरचा कावळा उतरला, ओल्या कुरडयांच्या कडेला बसला आणि त्याने एक उचलली. काठी हाताशी होती. मी हलले नाही.